नवऱ्याच्या ताटावर पहारा, पाय मात्र सोफ्यावर

पत्र थोडं कापून देतेय, मजकूर त्यांचाच:

"ताई, माझे मिस्टर ५२ वर्षांचे. गेल्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, मग केमो झाली, ती संपून चार महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टर म्हणाले आता हेल्दी राहा, एवढंच. म्हणून मी घरातली साखर पूर्ण बंद केली, सकाळ संध्याकाळ भाज्यांचा ज्यूस देते, नेटवर वाचून चार प्रकारच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू केल्यात. ते वैतागतात, दिवसभर सोफ्यावर पडून असतात, अंगात ताकदच नाही म्हणतात. आणि परवा त्यांच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं. धाकटे दीर म्हणतात, वहिनी, व्हायचं ते होऊन गेलं, आता सोडून काय फायदा, जगू द्या त्याला मजेत. रोज भांडणं होतात. कधी कधी वाटतं माझ्याच हातचं खाऊन हे झालं. मला एकच सांगा, मी जे करतेय त्याने ते जास्त जगतील का?"

आधी सरळ उत्तर देते, कारण तुम्ही सरळ विचारलंय. तुम्ही जे करताय त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींनी आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, आणि ज्याने वाढतं असा चांगला पुरावा आहे ते सध्या तुमच्या घरात होतच नाहीये. चालणं आणि सिगारेट सोडणं. बाकी सगळं यांच्यानंतर.

आता चालण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण योगायोगाने सगळ्यात भक्कम पुरावा नेमका तुमच्या मिस्टरांच्याच आजारातला आहे. चॅलेंज नावाची एक मोठी ट्रायल झाली, तिचे निकाल जून २०२५ मध्ये आले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आणखी काही देशांतले ८८९ पेशंट, सगळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, बहुतेक तिसऱ्या स्टेजचे, ऑपरेशन आणि केमो दोन्ही पूर्ण झालेले. म्हणजे तुमचे मिस्टर आज जिथे आहेत बरोब्बर तिथे उभे असलेले लोक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले, एका गटाला चांगलं खा, व्यायाम करा असं सांगणारी माहिती हातात दिली, दुसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि वर व्यायामाचा एक ट्रेन केलेला माणूस जोडून दिला, तोही तीन वर्षं. आठ वर्षांनंतरचा हिशोब असा की व्यायामाच्या गटात शंभरातले साधारण ९० जिवंत होते आणि नुसत्या माहितीच्या गटात ८३. पाच वर्षांनी बघितलं तर कॅन्सर न परतलेले, दुसरा नवीन कॅन्सरही न झालेले लोक एका बाजूला शंभरात ८० आणि दुसऱ्या बाजूला ७४.

शंभरातले सात. कोणाला हा आकडा छोटा वाटेल, मला नाही वाटत, केमोची काही औषधं एवढ्या फरकावर वापरात येतात आणि त्यांचे साइड इफेक्ट काय असतात ते तुम्ही जवळून बघितलंय. इथे साइड इफेक्ट काय, तर स्नायू आणि सांध्यांची दुखणी जरा जास्त, व्यायामवाल्यांमध्ये १८.५ टक्के लोकांना आणि दुसऱ्या गटात ११.५ टक्के. पण दुसरी बाजूपण नीट ऐका, ही गॅरंटी नाही. व्यायाम करूनही काहींचा कॅन्सर परत आला, आणि न करणाऱ्यांतलेही ८३ जण आठ वर्षांनी होतेच. तुमच्या मिस्टरांचं काय होईल ते यातून कोणी सांगू शकत नाही, फक्त पारडं कुठल्या बाजूला झुकवता येतं तेवढं कळतं.

ही ट्रायल एवढी महत्त्वाची का, तर त्याआधीचा बहुतेक पुरावा नुसत्या निरीक्षणाचा होता. म्हणजे पेशंटना विचारायचं तुम्ही काय खाता, किती चालता, आणि मग काही वर्षांनी बघायचं कोण राहिलं. त्यात घोळ हा की ज्याची तब्येत आधीच बरी तोच जास्त चालतो, ज्याचा आजार आतून वाढतोय तो आधीच थकून बसलेला असतो, मग चालल्यामुळे जगला की जगण्याइतका धडधाकट होता म्हणून चालला हे कसं ओळखणार? असाच एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता, तिसऱ्या स्टेजच्या ९९२ पेशंटचा, त्यात वजन, व्यायाम, भाज्या-फळं-अख्खी धान्यं, लाल आणि प्रोसेस्ड मांस कमी, हे सगळं ज्यांचं सगळ्यात चांगलं होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात ढिसाळ लोकांपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी दिसलं. आकडा झकास आहे आणि नेटवर तोच फिरतो, पण वरचा घोळ त्यालाही लागू आहे, आणि हो, इतकं सगळं नीट पाळणारे त्यात फक्त ९ टक्के होते. म्हणजे कॅन्सर झाल्यावरसुद्धा माणसं माणसंच राहतात, तुमचे मिस्टर काही जगावेगळे हट्टी नाहीत.

किती चालायचं? त्या ट्रायलमध्ये लोक आधी जेवढी हालचाल करत होते त्याच्यावर साधारण एवढी भर घालायची होती, की आठवड्यातून तीन-चार वेळा ४५ ते ६० मिनिटं झपाझप चालणं. चालणंच पाहिजे असंही नाही, सायकल, पोहणं, जे ज्याला आवडेल ते. झपाझप म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. आणि हे पहिल्या आठवड्यात कोणीच करत नव्हतं, महिनोन्महिने हळूहळू वाढवत नेलं. तुमच्याकडे दहा मिनिटांपासून सुरुवात करा, दिवसातून दोनदा, जमलं की चार-पाच दिवसांनी दोन मिनिटं वाढवा, नाही जमलं तर तिथेच थांबा आठवडाभर, काही बिघडत नाही.

ताकद नाही म्हणतात ना, ते खोटं बोलत नाहीयेत. केमोनंतरचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही, कितीही आराम करा, उठल्यावर तसाच असतो. आणि गंमत अशी की या थकव्यावर जे उपाय खरोखर चालतात त्यात हलका नियमित व्यायाम वरच्या नंबरावर आहे, पडून राहिलं की स्नायू जातात आणि स्नायू गेले की अजून थकवा. पण चालायला लावायच्या आधी एकदा डॉक्टरांना थकव्याबद्दल वेगळं विचारा. हिमोग्लोबिन कमी आहे का, थायरॉइड कसा आहे, झोप लागते का, आणि मन. दिवसभर सोफ्यावर पडलेला, वैतागलेला, लपून सिगारेट ओढणारा माणूस आळशी असेल असं मला पत्र वाचून वाटलं नाही, मला तो घाबरलेला वाटला, कदाचित डिप्रेशनमध्येही असेल. ट्रीटमेंट चालू असताना तारखा असतात, नर्स असतात, सगळे विचारत असतात, आणि ती संपली की एकदम शांतता होते आणि आता फक्त वाट बघायची असते, बऱ्याच पेशंटना खरी भीती तेव्हा गाठते. डिप्रेशनला औषध आहे, त्यासाठी तुमचं भांडण कामाचं नाही.

अजून दोन-तीन बारीक गोष्टी बघून घ्या. या कॅन्सरच्या केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध बऱ्याचदा असतं, त्याने तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा महिनोन्महिने राहू शकतो, तसं असेल तर नीट बसणारे बूट घालून सपाट जागी चालायचं, पाय कुठे पडतोय ते कळत नाही आणि माणूस धडपडतो. पोटावर स्टोमाची पिशवी (शौच जमा होण्यासाठी लावलेली) असेल किंवा ऑपरेशनच्या जागी हर्निया असेल तर वजन उचलायचे व्यायाम विचारल्याशिवाय नकोत. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा वेगळाच दम लागला तर थांबायचं आणि फोन करायचा. बाकी सगळं ठीक असेल तर काही आठवड्यांनी, आठवड्यातून दोन दिवस हलके ताकदीचे व्यायामही घाला, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हासुद्धा व्यायामच आहे.

आणि आता जे बोलणार आहे ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. हे सगळं त्यांच्याकडून करून घेणारी व्यक्ती तुम्ही नसावी. त्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना माहिती तर सारखीच मिळाली होती, फरक पडला तो सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि नंतर महिन्यातून एकदा कोणीतरी ठरलेला माणूस भेटून किंवा फोनवर विचारत होता म्हणून, काय जमलं, काय अडलं, पुढे किती वाढवायचं. तो माणूस त्यांची बायको नव्हता! बायकोने विचारलं की चौकशी होते आणि तिसऱ्याने विचारलं की प्लॅन होतो, यात तुमचा काही दोष नाही, तुम्ही धास्तावलेल्या आहात आणि ते तुमच्या आवाजात येतं. फिजिओथेरपिस्ट बघा, हॉस्पिटलमध्ये रिहॅबची सोय आहे का विचारा, नाहीतर त्यांचा एखादा मित्र जो रोज चालतो आणि जास्त बोलत नाही. तुम्हाला त्यांच्याबरोबर चालायचं असेल तर जरूर चाला, पण मग त्या वेळात रिपोर्ट, सिगारेट आणि जेवण हे तीन विषय काढायचे नाहीत.

आता ताट. साखर कॅन्सरला पोसते हे तुम्ही वाचलं असणार, आणि हे अगदी हवेतून आलेलं नाहीये. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभरा ओढतात हे शंभरएक वर्षांपूर्वीपासून माहीत आहे, कॅन्सर शरीरात कुठे आहे ते शोधणारा पेट स्कॅनसुद्धा त्याच गोष्टीवर चालतो. पण त्यांना ग्लुकोज मिळू नये म्हणून साखरेचा डबा बंद करून उपयोग नाही कारण शरीर ते धान्यातून करतं, प्रोटीनमधून करतं, काहीच नाही खाल्लं तरी लिव्हर बनवून रक्तात सोडतं, नाहीतर मेंदू चालणार नाही. गोड कोल्ड्रिंक रोज प्यायची सवय असेल तर ती मोडा, त्याला कारण आहे, वजन आणि इन्शुलिन दोन्हीसाठी ते वाईट, आणि आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये रोज दोन किंवा जास्त पिणाऱ्यांचा आजार जास्त परत आलेला दिसलाय (हेही निरीक्षणच, पण सोडण्यात तोटा काहीच नाही). चहात चमचाभर साखर घातली म्हणून रडारड नको.

ज्यूसचं म्हणाल तर, भाज्यांचा भडिमार करून कॅन्सर परत येणं टळतं का हे खरंच तपासून झालंय. स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या ३०८८ बायकांची व्हेल नावाची ट्रायल होती, २००७ मध्ये निकाल आला. एका गटाला भाज्या, फळं, फायबर भरपूर, फॅट अगदी कमी, आणि भाज्यांचा ज्यूससुद्धा रोज. दुसऱ्या गटाला नेहमीचा सल्ला. सात वर्षांनी दोन्हीकडे सारखंच, ना कॅन्सर परत येण्यात फरक ना मृत्यूत. आता तो कॅन्सर वेगळा होता आणि दुसऱ्या गटातल्या बायकाही तशा बरं खात होत्या हे खरं. म्हणजे भाज्या बंद करा असं मी म्हणत नाहीये, भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं हृदयासाठी आणि डायबिटीससाठी चांगलीच आहेत, आणि कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाला हार्ट अटॅक येतोच की. फक्त ज्यूस गाळला की फायबर गेलं, आणि सकाळी दोन ग्लास पोटात गेल्यावर भूक मरते, मग प्रोटीन कोण खाणार? त्यांना आत्ता स्नायू परत कमवायचेत, त्यासाठी प्रत्येक जेवणात प्रोटीनचा एक पदार्थ हवा. केमोत वजन किती उतरलं ते तुम्ही लिहिलं नाही, ते न ठरवता अजूनही उतरत असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, तेव्हा डाएट करायचा नसतो. आतड्याचा तुकडा काढलेला असल्याने काही जणांना जास्त फायबर सुरुवातीला झेपतही नाही, हळूहळू वाढवा. प्रोसेस्ड मांस जेवढं कमी तेवढं बरं, दारू तर नकोच.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर मात्र मी जरा कडक बोलणार. लोकांना वाटतं फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना. असतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली होती, १९९४ मध्ये निकाल आला, बीटा-कॅरोटीनची (शरीर ज्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं त्याची) गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. सिलेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त. आता तुमच्या घरात एक पुरुष आहे जो लपून सिगारेट ओढतो आणि त्याला तुम्ही नेटवरून निवडलेल्या चार गोळ्या देताय, आणि त्यातल्या एकीवरसुद्धा बीटा-कॅरोटीन लिहिलंय का हे बघायला उद्यापर्यंत थांबू नका. चारही डब्या पिशवीत घालून पुढच्या अपॉइंटमेंटला घेऊन जा. रक्त तपासून व्हिटॅमिन डी किंवा बी-१२ किंवा लोह कमी निघालं तर ते घ्यायचंच, ती ट्रीटमेंट आहे. बाकीच्यांचे पैसे चांगल्या बुटांवर घाला.

सिगारेट. तुमचे दीर म्हणतात आता काय फायदा, आणि ते प्रेमानेच म्हणत असतील, पण ते चुकीचं आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की कॅन्सर झालेल्या माणसांमध्ये धूम्रपानामुळे मृत्यू वाढतात, फक्त फुप्फुसाच्याच कॅन्सरमध्ये असं नाही. आणि सोडून काय होतं त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण रशियातल्या एका अभ्यासाचं आहे, २०२१ चा, ५१७ लोक, सगळ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आणि सगळे निदानाच्या वेळी सिगारेट ओढणारे. ज्यांनी निदान झाल्यावर सोडली ते न सोडणाऱ्यांपेक्षा साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले. फुप्फुसाचा कॅन्सर झाल्यावर! तेव्हा उशीर झाला हे कारण चालत नाही. पण खिसे तपासून ती सुटणार नाही, जास्त लपेल फक्त. पाकीट सापडलं हे एकदा शांतपणे सांगा, म्हणा मला कळलंय, मी ओरडणार नाही, आपण डॉक्टरांना सांगू या. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम असतात, व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी असते, नुसत्या मनाच्या जोरावर सोडण्यापेक्षा यांच्या मदतीने सुटायची शक्यता बरीच वाढते. पाच वेळा सोडून पाच वेळा धरली तर सहाव्यांदा सोडायची.

तुमच्या हातचं खाऊन झालं, हे डोक्यातून काढून टाका. एका माणसाला आतड्याचा कॅन्सर का झाला हे त्याच्या जेवणाकडे बोट दाखवून कोणी सांगू शकत नाही, वय, जीन्स, सिगारेट, दारू, वजन, बैठं काम आणि निव्वळ नशीब असं सगळं त्यात असतं. एकाच घरात तेच जेवण तुम्हीही जेवलात ना? आणि रोजच्या भांडणांच्या टेन्शनने तो परत येईल अशी भीती असेल तर तीही सोडा. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १०९३ पेशंटमध्ये मनःस्थिती किती चांगली-वाईट होती आणि कोण किती जगलं याचा संबंध लावून बघितला होता, २००७ मध्ये, काही संबंध निघाला नाही. भांडणं कमी करा ती तुम्हा दोघांना त्याचा त्रास होतो म्हणून.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि ती मला खटकली. पुढच्या तपासण्या. चालणं काय, जेवण काय, यातलं काहीही फॉलोअपच्या ऐवजी नाही. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए नावाची रक्ताची तपासणी, ठरावीक काळाने सीटी स्कॅन, आणि ऑपरेशननंतर वर्षभराने कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतडं आतून बघणं, असं वेळापत्रक सहसा असतं. तुमच्या डॉक्टरांचं थोडं वेगळं असेल, ते लिहून मागा आणि भिंतीवर लावा. परत आलेला आजार लवकर सापडला तर कितीतरी वेळा तो परत ऑपरेशन करून काढता येतो.

त्याच वेळी अजून एक विचारा, काढलेल्या गाठीची लिंच सिंड्रोमसाठी तपासणी झाली होती का. तो घराण्यातून येणारा प्रकार आहे आणि तो निघाला तर मुलांच्या तपासण्या खूप लवकर सुरू कराव्या लागतात. नाही निघाला तरी ज्याच्या सख्ख्या भावाला किंवा आई-वडिलांना साठीच्या आत हा कॅन्सर झालाय त्याने चाळिसाव्या वर्षापासून कोलोनोस्कोपी करून घ्यावी असा सल्ला असतो, किंवा घरातल्या माणसाला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून, यातलं जे आधी येईल ते. मुलांना अजून वेळ असेल. पण तुमचे दीर मिस्टरांपेक्षा धाकटे असले तरी चाळिशी ओलांडलेली असणार ना? मग त्यांचा पुढचा फोन आला की मजेत जगण्याचा विषय निघायच्या आधी तुम्हीच विचारा, भावजी, कोलोनोस्कोपीची तारीख कधीची घेतलीत.